म्हणून दाखवा

मामांनी चहा सांगितला तरी चहावाल्याची सुटका नसे. "साखर कमी, आलं न्हाई, कप इसळून," एवढं बोलून ते बाकावर बसत नसत. तिथंच उभे राहून म्हणत, "आता म्हणून दाखव." आमच्या वडवणीच्या स्टँडसमोरचा तो हॉटेलवाला गिऱ्हाइकांवर वसकन ओरडणारा माणूस. पण मामांपुढे मुकाट्यानं म्हणायचा, "साखर कमी, आलं नाही, कप विसळून." मग मामा बसत. बाजाराच्या दिवशी मागं दहा माणसं खोळंबलेली असली तरी यात फरक पडत नसे.

रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की म्हणून दाखव. न्हाव्याला मिशी कशी राखायची ते सांगितलं की म्हणून दाखव. एकदा मुलीच्या लग्नाची तारीख सांगायला आले आणि माझ्याकडून तारीख, वार, वेळ, गाव असं सगळं वदवून घेतलं. हातात पत्रिका होती, त्यावर सगळं छापलेलं होतं. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "पत्रिका तुमी कपाटात ठिवणार. तारीख डोक्यात पायजे."

ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे मलमपट्टी करणारा, डॉक्टरांनी सुई टोचेपर्यंत जनावर धरून ठेवणारा माणूस. माजलगाव, घाटनांदूर, वडवणी अशा बदल्या झाल्या, पण पद तेच राहिलं. गावोगावची माणसं त्यांना डॉक्टरच म्हणत आणि दर वेळी ते दुरुस्त करत, "डॉक्टर न्हाई, ड्रेसर." कुणा म्हशीनं लाथ मारून डावा कोपर मोडला होता, तो नीट बसलाच नाही, त्यामुळे तो हात कायम कुणाला तरी थांबवल्यासारखा अर्धा वर असायचा. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी अंगाला फिनेलचा वास यायचा. मला वाटतं, ते घरीसुद्धा फिनेल वापरत असावेत, करमत नसेल म्हणून.

माझं स्टँडजवळ मल्टिसर्व्हिसेसचं दुकान आहे. फॉर्म भरणं, उतारे काढून देणं, झेरॉक्स. वेबसाइट करायला मी एका शिबिरात शिकले होते आणि तशी पाटी हौसेनं लावली होती. ती पाटी वाचून आत आलेलं पहिलं आणि शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे मामा. काखेत वह्यांचं गाठोडं. नोकरीभर बघितलेली जनावरांची दुखणी त्यांनी त्यात लिहून ठेवली होती. कोणतं जनावर, कुठला महिना, काय खाल्लं होतं, डॉक्टरांनी काय दिलं, जगलं की गेलं. अक्षर मोत्यासारखं नव्हतं, पण एकही शब्द खोडलेला नव्हता.

"ताई, हे समदं साईटवर चढवायचं. कुनालाबी, कवाबी वाचता आलं पायजे."

मी म्हटलं, "मामा, आता साइट कोण वाचतं? लोक व्हिडिओ बघतात."

"बघत्यात," मामा म्हणाले. "बघून करत्यात, आन् अर्धंच करत्यात. वाचताना मानूस जरा थांबतो तरी."

साइट झाली. एका दुखण्याला एक पान. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मामांच्या हट्टानं तीन प्रश्न. वाचणाऱ्यानं उत्तरं द्यायची, चुकलं की पान परत वरती जाणार, पुन्हा वाच. मी डोक्याला हात लावला. "मामा, शेळी आजारी असलेला माणूस इथं येणार आणि तुम्ही त्याची तलाठ्याची परीक्षा घेणार?" ते शांतपणे म्हणाले, "तलाठी चुकला तर कागद चुकतो. हितं जनावर जातं."

त्यानंतर रोज सकाळी दहाच्या सुमाराला ते दुकानाच्या पायरीवर हजर. "काल किती आले?"

"सात."

"त्यात तुमी किती येळा?"

"चार."

"आन् तीन येळा मी," असं म्हणून ते गंभीरपणे निघून जात. असे कितीतरी दिवस गेले. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. एवढ्या वह्या मी एकटीनं टाइप केल्या होत्या. कुणी वाचावं ही इच्छा त्यांच्याइतकीच माझीही होती, हे आधीच कबूल करते, कारण पुढं जे झालं ते त्यातूनच झालं.

व्हिडिओ काढायची कल्पना माझी. व्हिडिओ बघायला माणसं येतील, खाली साइटची लिंक दिसेल, तिच्यावर बोट ठेवून पानावर जातील. मामांनी दोन दिवस विचार केला आणि अट घातली, "दुखनं वळखायचं कसं एवढं व्हिडिओत सांगीन. औषधाचं मात्र एक अक्षर न्हाई. ते समदं तिकडं, एका जागी." मला अट पटली, कारण लोकांना लिंकवर जावंच लागणार होतं.

त्यांच्या शेजारच्याच्या गोठ्यात आम्ही मोबाइल खुंटीला बांधून व्हिडिओ काढायचो. मामा इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, खिशाला दोन पेन. कॅमेऱ्याकडं असं बघायचे, जसं तो पंचनामा करायला आलाय. पोट फुगल्याची खूण कशी, गोचीड कुठं लपतात, कोवळी ज्वारी खाल्लेलं जनावर कसं दिसतं, हे सगळं ते तब्येतीनं सांगत आणि माणूस ऐकायला सावरून बसला की म्हणत, "इलाज साईटवर हाय. वाचा, आन् म्हणून दाखवा." संपलं.

लोकांनी शिव्या घातल्या. खाली लिहायचे, "ओ काका, औषध सांगा की," "म्हातारा लई भाव खातोय बे." कुणी जेवताना, कुणी उसाच्या फडात कोयता बाजूला ठेवून बघत असणार. लिंकवर जाऊन परीक्षा कोण देतो? एका व्हिडिओत मात्र नशीब उघडलं. मामा लाळ्याखुरकुताबद्दल पोटतिडकीनं बोलत होते आणि मागून एक शेळी त्यांच्या हातातला टिपणाचा कागद सावकाश खात होती. कागद संपल्यावर त्यांनी रिकामी बोटं वाचायचा प्रयत्न केला. हा व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. पोरं रस्त्यात मामांना बघून "म्हणून दाखवा" ओरडायला लागली. मामा ओरडणाऱ्याला थांबवून विचारत, "काय म्हणून दाखवू?" पोरं पळून जात.

साइटवर त्या दिवशी अकरा जण आले. मामांनी एवढंच विचारलं, "येवढ्या लोकांनी काय बघितलं मग? शेळीच?"

मी चिडले होते. लोकांवर, मामांच्या अटीवर, कागद खाणाऱ्या त्या शेळीवरसुद्धा. माझ्या मोबाइलमध्ये मामांचं एक रेकॉर्डिंग होतं. पोटफुगीचं पान टाइप करायला सोपं जावं म्हणून त्यांनी मला सगळं बोलून दिलं होतं, बाटलीनं तेल कसं पाजायचं ते शेळीवर करून दाखवत. त्यातले सुरुवातीचे सतरा सेकंद मी कापले. मामा म्हणतायत, "शेळी फुगली तर घाबरू नका. डॉक्टर येईपर्यंत गोडतेल पाजा." खाली मी लिहिलं, कसं आणि किती, ते साइटवर वाचा. आणि त्यांना न विचारता टाकून दिलं.

दोन दिवसांत साइटवर एवढी माणसं आली की मला पान तीनदा उघडून खात्री करून घ्यावी लागली. सकाळी मामा पायरीवर आले. मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "कशानं आले?"

"तुमच्या व्हिडिओनं," मी म्हटलं.

खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मामा समोरच्या हॉटेलात गेले आणि सगळ्यांना चहा सांगून आले. त्या दिवशी त्यांनी चहावाल्याकडून काहीच वदवून घेतलं नाही. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता, आणि तो मी दिला म्हणून मी मनातल्या मनात फुगले होते.

चौथ्या दिवशी दुकानाच्या फोनवर फोन आला. मामा समोरच बसले होते. व्हिडिओच्या कोपऱ्यातला नंबर बघून घाटनांदूरकडून एक बाई बोलत होती. "ते व्हिडिओतले बाबा हायत का? आमची शेळी गेली वो. त्यांनी सांगितलं तसंच केलतं."

माझ्या हातातून मामांनी फोन घेतला. पुढचं त्यांचंच बोलणं मला ऐकू येत होतं. "मान कशी धरलीती? वर? किती वर?... जीभ धरलीती का?... ठसका लागला तवा सोडलं का तसंच पाजलं?... हां... हां." मग म्हणाले, "गावाचं नाव सांगा. मी येतो."

फोन ठेवून ते माझ्याकडं वळले. "ताई, कंचा व्हिडिओ?"

मी दाखवला. त्यांनी चार वेळा बघितला. मी सांगत होते, खाली लिंक दिली होती मामा, मी लिहिलंय खाली. पण तो व्हिडिओ तिच्यापर्यंत भावकीच्या ग्रुपवरून गेला होता आणि वाटेत लिंक गळून पडली होती. लोक व्हिडिओ पुढं पाठवतात, खालची अक्षरं कोण पाठवतं? हे मला ठाऊक असायला हवं होतं, माझं तर दुकानच त्या कामाचं.

"काढा हे," मामा म्हणाले. एवढंच. मी काढला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बसनं धारूरचा घाट चढला. मग मामा खिडकीच्या दांडीवर बोटं वाजवत म्हणाले, "नोकरी नवीन लागलीती. सुट्टी संपवून मी गाडीत बसलो, गाडी हालली, आन् माझा थोरला भाऊ पळत आला. बैल फुगला म्हणला. मी खिडकीतून वरडलो, तेल पाज, तेल पाज. गाडीनं वेग घेतला. पुढचं त्याला ऐकू गेलंच न्हाई. त्यानं जीभ वढून धरली, मान आभाळाकडं केली आन् आख्खी बाटली वतली. तेल फुफ्फुसात गेलं. दोन दिवस धापला बैल. भाऊ मला कधी एक शबुद बोलला न्हाई. तवापासून मी म्हणून घ्यायला लागलो."

मी त्यांना परत त्याच गाडीच्या खिडकीत नेऊन बसवलं होतं.

घाटनांदूरच्या कडेला ते मेंढरं राखणाऱ्यांचं घर होतं. नवरा कळप घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला गेला होता, बाई चार शेळ्यांवर घर बघत होती. आता तीन. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि बसायला पोतं टाकलं. मामा पोत्यावर न बसता खाली जमिनीवर बसले आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बाई, चूक माझी हाय. मी अर्धंच सांगितलं."

"तुमी कावून अर्धं सांगता बाबा?" ती म्हणाली. रागानं नाही, खरंच कळत नाही म्हणून. "तुमी तर शिकलेलं मानूस."

"चुकलो," मामा म्हणाले.

ते म्हातारे माणूस माझं पाप आपल्या अंगावर घेत होते आणि मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन बसले होते. आजही तो तांब्या आठवला की माझा मला राग येतो.

मामांनी तिला उजव्या हाताची बोटं धरून शिकवलं. करंगळी, आधी डॉक्टरला फोन. पुढचं बोट, मान सरळ, तोंड जरासंच वर. मधलं बोट, जीभ धरायची नाही. चौथं, बाटली गालाच्या कडेनं आणि थोडं थोडं. अंगठा, ठसका लागला की लगेच सोडायचं, मान खाली घालू द्यायची. अंगठा सगळ्यात मोठा, का, तर जनावर तिथं जातं. मग तिला म्हणाले, "आता म्हणून दाखवा." तिनं पदर खोचला आणि शाळेतल्यासारखं उभं राहून म्हटलं. दोनदा.

परत आल्यावर मामांनी सगळे व्हिडिओ नव्यानं काढायला लावले. आता सगळं सांगायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोटं धरून. मी म्हटलं, "मामा, सगळं इथंच सांगितलं तर साइटवर कुणी येणार नाही."

"न्हाई आलं तर न्हाई आलं."

शिवाय एक नवीन खूळ निघालं. सांगून झालं की मामा कॅमेऱ्यापुढं पंजा धरत, म्हणत, "आता म्हणून दाखवा," आणि गप्प बसत. चांगलं अर्धं मिनिट. काही बोलायचं नाही, नुसतं समोर बघायचं आणि सावकाश एकेक बोट मिटायचं. पाचवं मिटलं की मान हलवून म्हणायचे, "हां. बरोबर. ज्याला आलं न्हाई त्यानं खाली जाऊन वाचा." त्या अर्ध्या मिनिटात मागं शेळ्यांचं चघळणं तेवढं ऐकू येई. मी विनवलं, एवढी शांतता कुणी बघत नाही, निम्मे लोक पळून जातात. कापू का थोडं? कापू हा शब्द तोंडातून निघाला आणि मीच जीभ चावली.

लोक पळून गेले हे खरं. पण काही महिन्यांनी आकडे बघताना माझ्या ध्यानात आलं, जी थोडी माणसं लिंकवरून साइटवर येत होती ती बरोबर त्या शांततेनंतर येत होती. घरी बसून बोटं मिटताना चौथ्या नाहीतर पाचव्या बोटाला अडकलेली माणसं. आणि ती खालचे तीन प्रश्नसुद्धा सोडवत होती. दिवसाला वीस-पंचवीस, कधी तीस. मामांना सांगितलं तर म्हणाले, "तीस जनावरं झाली की."

घाटनांदूरला ते एकदा परत जाऊन आले, मला न सांगता. आपल्या भाच्याकडची एक पाठ, म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, मांडीवर घेऊन बसमधून गेले. मला कंडक्टरकडून कळलं. मी विचारलं, मला का नाही नेलं? तर म्हणाले, "तुमचं दुकान हाय."

एक गोष्ट मात्र मला हळूहळू कळली. त्या प्रवासानंतर मामांनी माझ्याकडून कधीही काही म्हणून घेतलं नाही. काम सांगायचे, ऐकलं का विचारायचे आणि निघून जायचे. चहावाल्याला सुटका नव्हती, पोस्टमनला नव्हती, मला होती. सगळ्या वडवणीत मी एकटीच सुटलेली. त्यांच्या मनात राग होता असं मला वाटत नाही. बहुतेक मला लाज वाटू नये म्हणूनच असेल, पण मला ती माफी नको होती. कितीदा वाटलं, म्हणावं, मामा, विचारा ना मला. धीर झाला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. झोपेतच, कुणाला काही न सांगता. एवढी मोठी गोष्ट त्यांनी कुणाकडून वदवून न घेता केली.

दिवस झाल्यावर मी घाटनांदूरला गेले. त्या शेळीवाल्या मावशींना कळवायला हवं होतं, असं मी घरी सांगितलं. मावशींना आधीच कळलं होतं. मामांनी नेलेली पाठ आता चांगली शेळी झाली होती, पायाशी दोन करडं. मावशींनी पाणी दिलं, पोतं टाकलं. मी जमिनीवर बसले.

"मावशी," मी म्हटलं, "तो व्हिडिओ बाबांनी अर्धा केला नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं होतं, अंगठ्यापर्यंत. कापला मी. माणसं साइटवर यावीत म्हणून. आणि ते त्यांना माहीत होतं."

करडू मावशींच्या पदराशी झोंबत होतं, त्याला त्यांनी बाजूला सारलं. मला वाटलं, आता उठ म्हणतील. तांब्या मी हातात घेतला नव्हता, दोन्ही हात मोकळे होते आणि कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

मग त्यांनी आपला उजवा पंजा माझ्यापुढं धरला, मामा धरायचे तसा.

"म्हणून दाखव," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं. आधी डॉक्टरला फोन. मान सरळ. जीभ धरायची नाही. गालाच्या कडेनं, थोडं थोडं. त्यांची चार बोटं एकेक करून मिटली. अंगठ्याला मी अडकले. मावशी थांबल्या. अंगठा तसाच वर धरून, माझ्याकडं बघत थांबल्या.

"ठसका लागला की सोडून द्यायचं," मी म्हटलं.

"हां," मावशी म्हणाल्या. "बरोबर."